मेनूतून गेलेलं नाव

विक्रोळी,
सोमवार, ६ जानेवारी २०२५

चि. नीलमला द्रौपदीआत्याचा सप्रेम जयभीम.

हे पत्र परकरांच्या पिशवीत टाकते आहे. टेम्पोवाल्या राजेशला बजावून सांगितलंय की अंधेरीच्या ऑफिसात तुझ्याच हातात द्यायचं. कारखान्यातल्या प्रेस मशिनीच्या आवाजाने माझे कान नेले ते नेलेच, फोनवर मला नुसती घरघर ऐकू येते. आणि व्हॉट्सअॅपवर तू "ओके आत्या" लिहून सुटतेस. म्हणून कागद.

तीन आठवडे झाले, तुमच्या कंपनीच्या वेबसाइटवरून ऑपरेशनवाल्या ब्लाऊजची एकही ऑर्डर नाही. आधी आठवड्याला तीस-चाळीस नग जायचे. छातीचं ऑपरेशन झालेल्या बायांसाठी आतून गादी ठेवायला खिसा लावलेला असा ब्लाऊज कोणी शिवत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. तुझ्याच बोलण्यावर मी पाच मशिनी मांडल्या. आता दोघी परकर शिवतात आणि तिघी नुसत्या बसून असतात. कपाटात चौसष्ट ब्लाऊज तयार आहेत.

कोणी तक्रार केली का? कापड बोचतं का, खिसा सरकतो का? जे असेल ते तोंडावर सांग. मी रागावणार नाही. न सांगितलंस तर रागावेन.

आमच्या जावयाला, धम्मपालला जयभीम सांग.

तुझी,
द्रौपदीआत्या

*

अंधेरी,
गुरुवार, ९ जानेवारी

आत्या, सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. घाबरू नकोस गं. वेबसाइट महिन्याभरापूर्वी नवीन केली आहे, त्यामुळे सगळ्याच मालाचं थोडं खालीवर चाललंय. शिवाय लग्नसराई आहे, लोक जरीचं बघतात.

तू विचारलंस म्हणून सांगते. आतली शिवण टोचते असं एक-दोघींनी लिहिलं होतं बहुतेक. फार काही नाही. तू लक्ष ठेव, मी इथून बघते.

धम्मपाल अजून घरीच आहे. त्याची कंपनी गुजरातला गेली, हा गेला नाही. त्यामुळे घरात सध्या माझ्या एकटीचीच नोकरी. आमच्या टीममधूनही चारातल्या दोघांना कमी करणार अशी बोलणी चालू आहेत. डोकं ठिकाणावर नसतं. उशीर झाला तर समजून घे.

तुझी,
नीलम

*

विक्रोळी,
सोमवार, २७ जानेवारी

चि. नीलम,

बरं केलंस सांगितलंस. दोष कळला की माणसाला काहीतरी करता येतं.

चौसष्टच्या चौसष्ट ब्लाऊज उसवले. सतरा दिवस आम्ही तेच करत होतो. आतली शिवण जिथे जखमेच्या व्रणावर येते तिथे आता मऊ सुती पट्टी लावायची ठरवलं आहे. उसवलेलं कापड धुऊन, इस्त्री करून रचून ठेवलंय.

आतली शिवण माधुरीच्या हातची असते, तुला माहीत आहे. तिचं स्वतःचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली. नवा नग आधी ती स्वतः दिवसभर घालून बघणार आणि मगच बाकीचे शिवायचे, अशी आमची रीत. तिला शिवण टोचली नाही आणि गिऱ्हाइकाला टोचली, हे मला पटेना. म्हणून तिला विचारलं. विचारताना आवाज चढला. बाकीच्या सगळ्या समोर होत्या. काय बोलले ते लिहीत नाही. ती उठून गेली आणि पाच दिवस झाले, आली नाही.

दुःख होतं, पण कामात चूक ती चूक. ज्या बाईने पत्र लिहून तक्रार केली तिचं नाव-गाव पाठव. तिला मी नवीन ब्लाऊज माझ्यातर्फे पाठवते.

आत्या

*

अंधेरी,
गुरुवार, ३० जानेवारी

आत्या,

उसवलेस? सगळे? मला आधी विचारायचंस ना.

आता काही करू नकोस. माधुरीताईला परत बोलाव, तिची काही चूक नसणार. मी सोमवारी आमच्या ऑफिसच्या विद्याधर सरांशी बोलणार आहे, नक्की. त्या बाईंचं नाव सापडत नाहीये, शोधते.

घाईत आहे.

नीलम

*

विक्रोळी,
सोमवार, २४ फेब्रुवारी

नीलम,

तुझा सोमवार येऊन तीन आठवडे झाले. राजेश रिकाम्या हाताने येतो. म्हणतो, "ताई मीटिंगमध्ये आहेत."

रिकाम्या बसलेल्या तिघींतली प्रेमा कांजूरमार्गला पॅकिंगच्या कामाला लागली. दिवसभर उभं राहायचं, पण काम रोज असतं. आणखी एकजण गावी जायचं म्हणते आहे. माधुरीकडे मी निरोप पाठवला होता. तिने उत्तर दिलं नाही.

आता खाली लिहिते ते नीट वाच. प्रत्येक ब्लाऊजच्या घडीत मी माझ्या पत्त्याची चिठ्ठी घालते ना, त्या पत्त्यावर मुलुंडहून एक पत्र आलं. कुंदाताई म्हणून आहेत, निवृत्त शिक्षिका. त्यांनी मागच्या वर्षी आपल्याकडून तीन ब्लाऊज घेतले होते. लिहितात:

"तुमचे ब्लाऊज मी घातले म्हणून पुन्हा शाळेच्या कार्यक्रमाला जाऊ शकले. आता माझ्या वहिनीचं तेच ऑपरेशन झालं आहे. ती दोन महिने दाराबाहेर पडलेली नाही. खिडकीतही उभी राहत नाही. तिच्यासाठी घ्यावे म्हणून मी वेबसाइटवर गेले, तर 'ऑपरेशननंतर' हा विभागच नाही. चार दिवस शोधलं. ब्लाऊज, इनरवेअर, सगळीकडे बघितलं. ब्लाऊजचं इंग्रजी नाव मला आठवत नाही आणि शोधायच्या चौकटीत काय लिहावं ते कळेना. जे सुचलं ते लिहायला, या वयातही, बोट धजावलं नाही. तुम्ही काम बंद केलंत का? केलं असेल तर निदान मापं तरी कळवा, मी इथल्या शिंप्याला दाखवते."

मी शेजारणीकडून मोबाइलवर वेबसाइट उघडून घेतली आणि बसून बघितलं. साड्या आहेत, कुर्ते आहेत, परकरसुद्धा आहेत. 'ऑपरेशननंतर' नाही. हे नाव आपण दोघींनी माझ्या ओट्यावर बसून ठरवलं होतं.

नाही म्हणजे काय, नीलम? कधीपासून नाही?

द्रौपदी

*

बोरिवली,
गुरुवार, २७ फेब्रुवारी

आत्या,

हे घरून लिहिते आहे. ऑफिसात लिहिलेला कागद फाडून टाकला.

१४ डिसेंबरपासून नाही. आणि ते मी काढलं.

वेबसाइटच्या वर नावांची जी ओळ असते तिला मेनू म्हणतात. एका नावावर बोट ठेवलं की त्याखाली आणखी नावं उघडतात. ते सगळं लावणं माझं काम. डिसेंबरात सर म्हणाले, वर फक्त सहा नावं ठेवायची. "आणि ते ऑपरेशनचं नाव वर नको, सणासुदीला बरं दिसत नाही. कुठेतरी आत टाक." मी कामाला लागले. ते 'आरोग्य' या नावाखाली होतं, तिथून उचलून 'इनरवेअर'खाली ठेवायचं होतं. त्या दिवशी मी दीडशे नावं हलवली. हे हलवायच्या आधीच मी 'आरोग्य' काढून टाकलं. आमच्या सिस्टीममध्ये वरचं नाव काढलं की त्याच्या पोटातली सगळी नावं जातात. परत आणायचं बटण नाही, पुन्हा हाताने लावावं लागतं. माझ्या लक्षातच आलं नाही.

ब्लाऊजचं पान तसंच होतं. फोटो, मापं, सगळं. फक्त तिथे जायला वाट राहिली नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी मेनू उघडून बघितला आणि काय झालं ते कळलं. नाव लावायला पाच मिनिटं लागली असती. पण तोवर मेनूला सरांच्या मंजुरीचं कुलूप लागलं होतं. लावायचं तर आधी सांगावं लागणार होतं, की माझ्या हातून गेलं. आणि त्याच आठवड्यात कोणाला कमी करायचं त्याची यादी बनत होती. वाटलं, यादी लागली की सांगू. मग महिन्याचा हिशोब आला, त्यात तुझ्या ब्लाऊजपुढे शून्य. सर म्हणाले, मागणी नाही, विभाग बंद करू. मी मान हलवली. आत्या, मी मान हलवली.

आणि जे सगळ्यात वाईट ते आता लिहिते. शिवण टोचते असं कोणीही लिहिलं नव्हतं. एकाही बाईने नाही. तू विचारलंस आणि मला काहीतरी सांगायचं होतं, म्हणून ते मी लिहिलं. तू चौसष्ट ब्लाऊज उसवशील असं वाटलं नव्हतं. माधुरीताईचं तर मनातही आलं नव्हतं.

सोमवारी सरांना सांगते. या वेळी खरंच.

नीलम

*

अंधेरी,
गुरुवार, ६ मार्च

आत्या,

तुझं उत्तर नाही. मागायचा मला हक्क नाही, म्हणून नुसतं काय झालं ते कळवते.

सोमवारी सगळ्यांसमोर सांगितलं. कुंदाताईंचं पत्र वाचून दाखवलं. सरांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "चूक कोणाकडूनही होते. पण तू दोन महिने गप्प बसलीस, आणि मी तुझ्यासमोर चुकीचा निर्णय घेत होतो." मी म्हटलं, "हो." मग आमच्यातली रेवती, जी कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "सर, नाव वर बरं दिसत नाही म्हणून आत टाकायला तुम्हीच सांगितलं होतं. माझ्या आईने असलं काही शोधलं असतं तर तिला आत सापडलं नसतं."

१३ तारीख हा माझा शेवटचा दिवस. यादीत माझं नाव नव्हतं, आता आहे.

जायच्या आधी मला मेनू उघडून दिला. 'ऑपरेशननंतर' मी वर लावलं. आत नाही, पहिल्या ओळीत. सरांनी बघितलं आणि राहू दिलं. पण अट घातली आहे. जी ऑर्डर येईल तिचा माल २० तारखेच्या आत गोदामात पोचला पाहिजे. नाही पोचला तर पान कायमचं काढणार.

तीन दिवसांत एकोणीस ऑर्डरी आल्या आहेत. माप आणि नावांची यादी सोबत जोडली आहे.

तुझ्याकडे शिवलेला एकही नग नाही, हे मला माहीत आहे. ते कोणामुळे, तेही.

नीलम

*

विक्रोळी,
सोमवार, १० मार्च

नीलम,

तुझं आधीचं पत्र मी चुलीत घालणार होते. गॅस आहे म्हणून राहिलं.

यादी मिळाली. कापड कापलेलं आहे, पट्ट्या आहेत. आम्ही तिघी आहोत. बाहेरची शिवण आम्ही करू. आतला खिसा माझ्याने होत नाही. काल तीन केले, तिन्ही चुरगळले. ते फक्त माधुरीला जमतं, कारण कुठे दुखतं ते तिच्या अंगाला माहीत आहे.

आता मी तिला काय बोलले ते लिहिते. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्यापासून तिचा डावा हात सुजतो. मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "हात चालत नसेल तर घरी बस. तुझ्या सुजलेल्या हातापायी पाच घरांचं काम बुडालं." ती मला काही बोलली असेल. तिचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही आणि मी पुन्हा विचारलंही नाही.

खोटं तू लिहिलंस. पण हे शब्द माझे होते, ते तू माझ्या तोंडात घातले नव्हतेस.

ती चेंबूरला भावाकडे आहे, अण्णांकडे. पत्ता मागे लिहिला आहे. मी गेले तर ती दार उघडणार नाही. आधी तू जा. फोन नको, चिठ्ठी नको. तिच्यासमोर बसून सांग.

द्रौपदी

*

अंधेरी,
गुरुवार, १३ मार्च

आत्या,

काल जाऊन आले.

अण्णांनी दार उघडलं. माधुरीताई आत भाजी निवडत होती. डाव्या हाताला सुजेसाठीची घट्ट बाही चढवलेली. मला वाटलं होतं मी नीट क्रमाने सांगेन. पण बसले आणि एकदम म्हटलं, "ताई, तुमच्या शिवणीत काहीच चूक नव्हती. मी खोटं लिहिलं होतं."

तिने भाजी खाली ठेवली. "कोणीच बोललं नव्हतं? एकसुद्धा बाई?"

"एकसुद्धा नाही."

"मग ऑर्डर का बंद झाल्या?"

मी सांगितलं. तिला मेनू म्हणजे काय ते कळेना, म्हणून मोबाइलवर दाखवलं. तिने स्वतः बोट ठेवून 'ऑपरेशननंतर' उघडलं, पान वरखाली केलं, मागे गेली, पुन्हा उघडलं. म्हणाली, "एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच."

मग ती रडली नाही, ओरडली. अण्णा बाहेरून धावत आले. "दीड महिना मी या हाताला शिव्या घालते आहे! रात्रंदिवस! जुने ब्लाऊज काढून शिवण चाचपते, कुठे चुकलं ते शोधते. मला वाटलं, माझ्यासारख्याच बाया, आणि मीच त्यांना टोचले! कळतंय का तुला, तू काय केलंस ते?"

मी हो म्हटलं. ती म्हणाली, "नाही कळत. तू जा आता."

मी उठले. एकोणीस नावांची यादी तिथेच ठेवली. थांब म्हणाली नाही, यादी घेऊन जा असंही म्हणाली नाही.

तिने यावं म्हणून मी काही करू शकले नाही, आत्या. आज संध्याकाळी मी इथलं टेबल रिकामं करते. मेनू उद्यापासून देवव्रत म्हणून एकजण सांभाळेल. त्याला मी दोनदा बजावून सांगितलं आहे, वरचं नाव काढायच्या आधी पोटात काय आहे ते बघ.

यापुढे पिशवीतून पत्र आलं तर मला मिळणार नाही.

नीलम

*

विक्रोळी,
सोमवार, २४ मार्च

चि. नीलम,

हे पोस्टाने पाठवते आहे. बोरिवलीचा पत्ता तुमच्या लग्नपत्रिकेवरून घेतला, बरोबर असावा.

१४ तारखेला सकाळी नऊ वाजता माधुरी आली. सरळ मशीनवर बसली. मी चहा ठेवला, तो तिने घेतला नाही. मी केलेले तीन खिसे बघितले आणि उसवून टाकले. माझ्याकडे न बघता.

दुपारी मी सगळ्यांना मशिनी थांबवायला सांगितल्या. ज्यांच्यासमोर बोलले होते त्यांच्यासमोरच बोलायचं होतं. प्रेमालाही कांजूरमार्गहून बोलावून घेतलं होतं, ती अर्धी रजा टाकून आली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "माधुरीची चूक नव्हती. मी तिच्या हातावरून बोलले. ज्या हाताने ही खोली चालली, त्या हातावरून. मला लाज वाटते." माधुरी उठली, माझ्याजवळ आली आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "मी या बायांसाठी आलेय. तुमच्यासाठी नाही."

मी म्हटलं, बरं.

हात सुजला की ती तासभर थांबायची, हात उशीवर उंच ठेवून बसायची. तेव्हा आम्ही बाहेरची शिवण उरकायचो. प्रेमा पॅकिंगवरून सुटली की येऊन काजं करायची. पहिला नग तयार झाला तो माधुरीने नेहमीसारखा दिवसभर घालून बघितला. वेळ नव्हता, तरी बघितला. मी अडवलं नाही. १९ तारखेला संध्याकाळी राजेशच्या टेम्पोत एकोणीस ब्लाऊज चढले.

त्यातला एक मुलुंडला गेला. कुंदाताईंनी शनिवारी कळवलं, वहिनी तो घालून गच्चीत कपडे वाळत घालायला गेली. बाकी काही नाही, गच्चीपर्यंतच.

पान अजून आहे. माधुरी रोज सकाळी मोबाइलवर उघडून बघते, मग मशीनवर बसते. परवा आणखी तेवीस ऑर्डरी आल्या. पुढच्या महिन्यात किती येतील ते कोणाला माहीत. प्रेमा परत यायला तयार नाही, म्हणते तिथे रोज काम असतं. तिचं खरं आहे.

माधुरीने मला माफ केलेलं नाही. ती कामावर आली.

मीही तुला अजून माफ केलेलं नाही, नीलम. लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, शेवटपर्यंत येता येता होईल. नाही झालं. पण तू घरी बसून आहेस, आणि इथे तेवीस ब्लाऊजना हूक लावायचे आहेत. हूक लावायला कोणी नाही.

पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी नऊला ये.

तुझी,
द्रौपदीआत्या